तेच नाव झाकायचे, तेच नाव छापायचे

ॲड. विमलताई हटवार यांची आणि माझी ओळख माझ्या हस्ताक्षरामुळे झाली. गौरवग्रंथात असे वाक्य आले की वाचकांना वाटेल, ताईंनी कुठे तरी माझे अक्षर पाहिले असेल आणि कौतुकाचे दोन शब्द कळवले असतील. तसे काही झाले नाही. त्या माझ्या अक्षरातल्या एका कागदाची प्रमाणित नक्कल घेऊन माझ्या शाळेत आल्या होत्या, आणि त्या कागदावर मी एका बाईंचे नाव मतदारयादीतून काढून टाकलेले होते.

मी तेव्हा मोहाडी तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. शिकवणे सोडून शिक्षकाला जी शंभर कामे असतात त्यांतलेच एक बीएलओचे, म्हणजे घरोघर जाऊन गावाची मतदारयादी दुरुस्त करण्याचे. ते माझ्याकडे बरीच वर्षे होते आणि मी ते चांगले करतो अशी माझी समजूत होती. मधल्या सुट्टीत फाटकाशी एक जुनी स्कूटर थांबली. सायकलवाल्यांनीही मागे टाकावे इतक्या हळू ती आली होती. स्कूटरवरून उतरल्या त्या सत्तरीकडे झुकलेल्या बाई; अंगावर कोशाची साधी साडी, काळा कोट घडी करून हातावर टाकलेला. त्या कार्यालयात आल्या, खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत, आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

"गुरुजी, हे अक्षर तुमचं का?"

"हो, माझंच."

"लय सुंदर आहे. आता वाचून दाखवा मले."

मी वाचले. 'सदर महिला वेडसर असल्याने तिचे नाव वगळण्यात यावे.'

"कोन्या कोर्टानं ठरवलं जी?"

"कोर्ट कशाला, बाई? गावात सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांले म्हंजे कोनाले? नाव सांगा एक." असे म्हणून त्यांनी कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "ही सही कोनाची आहे?"

सही मी वाचली आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. ते का, हे सांगण्यापूर्वी एक खुलासा करतो. त्या बाईंचे नाव मी या लेखात लिहिणार नाही. ज्या खटल्याबद्दल सांगणार आहे तो लैंगिक अत्याचाराचा होता, आणि तक्रार करणाऱ्या बाईची ओळख उघड होऊ नये असा कायदा आहे. मी त्यांना मावशी म्हणेन. गावाचेही नाव लिहीत नाही. माझ्या नावावरून शाळा, शाळेवरून गाव आणि गावावरून मावशी ओळखू येतील, म्हणून संपादकांना विनंती करून लेखाखालचे माझे नावही काढून घेतले आहे. या ग्रंथात हा एकच लेख निनावी आहे. ही शिस्तही विमलताईंचीच.

मावशींचे यजमान गेले तेव्हा त्यांना कानात आवाज ऐकू येऊ लागले. काही महिने त्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बसून एकट्याच बोलत. पुढे सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या आणि दोन पावसाळ्यांत त्या परत रोवण्याला जाऊ लागल्या. धानाचा रोवणा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, चिखलात ओळीने उभे राहून शेजारणीच्या हाताशी हात जुळवत मागे सरकावे लागते. एकीचे लक्ष चुकले तर सगळी ओळ वाकडी होते. मावशींची ओळ सरळ येत होती. तरी त्यांना मत देणे जमणार नाही असे मला का वाटले, याचे उत्तर मी आजतागायत शोधतो आहे.

यादीचे काम मी नेहमी गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून करीत असे. गावात त्यांचा शब्द चाले आणि सगळी घरे त्यांना तोंडपाठ होती. मी नाव वाचायचो, ते सांगायचे. "हा मेला. हिचं लगन झालं, बालाघाटकडे देल्ली. हे पोट्टं पुन्याले गेलं." मावशींचे नाव आले तेव्हा ते हसून म्हणाले, "ते पागल आहे जी. ते कायचं वोट देते?" मीही हसलो. आम्हा बीएलओंची एक वाईट सवय असते. अर्ज आम्हीच भरायचा आणि अर्जदार म्हणून समोर जो बसला असेल त्याची सही घ्यायची. मी छान अक्षरात अर्ज भरला आणि त्यांनी सही केली. नोटीस द्यायला मावशींच्या दाराशी गेलो तर कुलूप होते. त्या धान कापायला गेल्या होत्या. मी शेरा लिहिला, 'घरी आढळून आली नाही.' बाई वेडसर आहे असे एका ओळीत आणि ती कामावर गेल्यामुळे भेटली नाही हे मनात, दोन्ही एकाच वेळी होते, आणि मला त्यात काही खटकले नाही.

काही महिन्यांनी त्याच माणसाने मावशींवर अत्याचार केला. मावशींनी पोलिसांत तक्रार दिली. खटला उभा राहण्याआधीच, जामीन मागताना, आरोपीच्या वकिलांनी मतदारयादी पुढे केली. सरकार जिला मत द्यायला लायक समजत नाही, तिच्या एकटीच्या शब्दावर एका प्रतिष्ठित माणसाला तुरुंगात धाडणार का, असा त्यांचा सवाल होता. यादीवर फक्त नाव वगळल्याची खूण असते. ती खूण कुठून आली हे पाहायचे सुचले एकट्या विमलताईंना. मावशींच्या वतीने त्या सरकारी वकिलांना साहाय्य करीत होत्या. तहसील कार्यालयात चार खेपा घालून त्यांनी मूळ अर्जाची नक्कल मिळवली. मावशींना वेडी ठरवणाऱ्या त्या अर्जावर खाली सही होती खुद्द आरोपीची. आणि वर अक्षर माझे.

"गुरुजी, दोन कामं आहेत," ताई म्हणाल्या. "तिचं नाव यादीत परत टाकायचं. आन् कोर्टात येऊन हे सारं सांगायचं."

मी म्हणालो, "ताई, मला दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं आहे. मला त्रास होईल."

"होईल. होनार नाही म्हनून मी खोटं कायले बोलू?"

एवढेच. नंतर त्यांनी मडक्यातले पाणी मागून घेतले, प्यायल्या, आणि त्याच संथ चालीने स्कूटरवरून निघून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर मलाही रागावता आले असते आणि प्रकरण तिथेच मिटले असते. तीन दिवस मला अन्न गोड लागले नाही. चौथ्या दिवशी मी मोहाडीला त्यांच्या घरी गेलो.

घर म्हणजे विणकराचे घर. ताईंच्या वडिलांचा हातमाग होता. लहानपणी शाळेतून आल्यावर ताई कांड्या भरायला बसत, म्हणजे मागासाठी लहान नळ्यांवर सूत गुंडाळायला, आणि तसे करता करताच पाढे पाठ करीत. कायद्याचे शिक्षण घेऊन त्या परत आल्या त्या मोहाडीतच. भंडाऱ्याच्या न्यायालयात जायचे, संध्याकाळी घरी यायचे, आणि ओसरीत जो बसला असेल त्याचे ऐकायचे, हा त्यांचा क्रम आजही चुकलेला नाही. मी गेलो तेव्हा ओसरीत त्यांचे एक सहायक वकील एका बाईचा जबाब स्वच्छ करीत होते. बाईने सांगितले होते, "त्यानं माहा हात मुरगारला." सहायकांनी लिहिले, 'आरोपीने फिर्यादीशी झटापट केली.' ताईंनी तो कागद घेतला, वाचला आणि सरळ फाडला.

"झटापट दोघं करतात, गा. हिनं कुठं केली?"

मी आयुष्यभर मराठी शिकवली. मुलांची झाडीबोली पुसून तिथे पुस्तकातली मराठी बसवणे हेच शिक्षण, असे मानत आलो. पुसताना काय पुसले जाऊ शकते हे मला त्या संध्याकाळी कळले. बाई जे बोलते तेच, तिच्याच शब्दांत आणि तिच्याच क्रमाने लिहायचे, हा ताईंचा दंडक. अर्थ लागत नसेल तर तिलाच विचारायचे, आपल्या मनाने अर्थ लावायचा नाही. निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे हेच लेखनिकाचे काम धरले. आजही कधी माझ्या हातून एखादा 'सदर' किंवा 'उपरोक्त' सुटतो आणि ताई चष्म्यावरून बघतात. तेवढ्याने माझा कान पिळल्यासारखे होते.

मावशी तर सुरुवातीला ताईंशीही बोलत नव्हत्या. पोलिसांपुढे चार वाक्ये सांगून झाली होती आणि त्यानंतर त्यांनी तोंड मिटले होते. ताई त्यांच्या घरी जाऊन बसत आणि काही विचारत नसत. मळणीचे दिवस होते, अंगणात तणसाचा, म्हणजे भाताच्या काडाचा, ढीग होता, आणि मावशी ओल्या तणसाचे पीळ वळत बसलेल्या असत. धानाच्या पेंढ्या बांधायला लागतात ते. ताईही समोर बसून वळू लागल्या. सुताची सवय असलेले त्यांचे हात तणसाला सरावेनात, पीळ उसवायचा. तिसऱ्या खेपेला मावशींनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला, "असा नाही वो बाई, असा," म्हणून दाखवला, आणि हात चालू असतानाच सगळे सांगितले. ताईंनी तेव्हा कागद काढलाच नाही. हात थांबवले असते तर मावशीही थांबल्या असत्या, असे त्या म्हणाल्या. घरी येऊन आठवेल तसे लिहिले, दुसऱ्या दिवशी जाऊन मावशींना वाचून दाखवले, आणि मावशींनी तीन ठिकाणी दुरुस्त केले. वेडसर म्हणून मी जिचे नाव काढले ती बाई वकिलाचे टिपण दुरुस्त करीत होती.

नावाची सुनावणी मोहाडीच्या तहसील कार्यालयात झाली. नवा अर्ज ताईंनी माझ्याकडूनच भरून घेतला. "ज्या हातानं काढलं त्याच हातानं टाका," म्हणाल्या. बाजाराचा दिवस होता, बाहेर गलका होता. अधिकारी भला माणूस होता. पण समोर अशी बाई आली की आपण सगळेच परीक्षक होतो, तसे त्यांचे झाले.

"बाई, आपले आमदार कोण, सांगता येईल?"

मावशी गप्प राहिल्या. ताई उठल्या. "साहेब, बाहेर बाजार भरला आहे. पहिली दहा माणसं आत बोलवा आणि त्यांना हाच प्रश्न विचारा. जे चुकतील त्यांची नावं आज यादीतून काढा. मग मी हिला उत्तर द्यायला सांगते."

साहेबांनी पेनाचे टोपण लावले, परत काढले, आणि नाव, वय, पत्ता एवढेच विचारले. मावशींनी तिन्ही नीट सांगितले. मग आपण होऊन म्हणाल्या, "आमदार कोन आहे ते मले मालूम आहे जी. पर मी त्याले वोट देल्लं नव्हतं, म्हनून नाव नाही घेतलं."

कार्यालयात एवढे हसू फुटले की बाहेरचे लोक खिडकीशी आले. साहेबही हसले, आणि नाव यादीत आले. ताई मात्र हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हसवून नाव परत भेटलं, गुरुजी. एखादीला हसवता येत नसंल तर?"

पुढे भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात माझी साक्ष झाली. असे खटले बंद दाराआड चालतात, त्यामुळे माझ्या साक्षीपुरताच मी आत होतो. आरोपीचे वकील माझ्याशी फार गोड बोलले. "गुरुजी, आपण एवढे जुने शिक्षक. खात्री केल्याशिवाय आपण असं लिहाल का?" त्या प्रश्नात माझी सुटका होती. "नाही" म्हटले असते तर माझी नोकरी, माझी इभ्रत, सगळे शाबूत राहिले असते. मी ताईंकडे पाहिले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पदराने चष्मा पुसत होत्या. साक्षीदाराला डोळ्यांनीसुद्धा ढकलायचे नाही, हा त्यांचा आणखी एक दंडक, तो मला मागाहून कळला. मी म्हणालो, "खात्री केली नाही. ज्यांनी सांगितलं त्यांच्या ओसरीवर चहा पीत होतो, आणि लिहिलं." सरकारी वकिलांनी ताईंची चिठ्ठी पाहून एकच प्रश्न विचारला, अर्जावर सही कोणाची. मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट केले.

मावशींची साक्ष मी ऐकली नाही. ताईंनी तिच्याबद्दल मला कधी चकार शब्द सांगितला नाही. मावशींनीच एकदा सांगितले ते एवढे: "बाईनं अर्ज केला होता का हिच्या हाताले काम असू द्या. जजसाहेबानं तनीस आत आनू देल्लं. त्या वकिलानं तेच तेच तीनदा पुसलं, मी तेच तेच तीनदा सांगतलं. पीळ काही उसवला नाही माहा." आरोपीला शिक्षा झाली. निकालपत्रातले एकच पान ताईंनी मला वाचायला दिले. आजार आहे म्हणून कोणाची साक्ष खोटी ठरत नाही, या बाईंना कोणत्याही न्यायालयाने विकल मनाचे ठरवलेले नाही, आणि त्यांना वेडसर म्हणणारा जो एकमेव कागद समोर आला तो आरोपीच्याच सहीचा आहे, अशा आशयाचे ते पान होते. मी ते न्यायालयाच्या व्हरांड्यात उभ्याने वाचले आणि रडलो. माझ्या हातून झालेले पाप त्या पानाने धुतले गेले नाही. पण त्या पापालाच ताईंनी कामाला लावले होते.

मला व्हायचा तो त्रास झाला. वरिष्ठांची कारणे दाखवा नोटीस आली. तिचे उत्तर ताईंनी आपल्या हाताने लिहिले. त्या वेळी त्यांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले होते, डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती, तरी एक डोळा झाकून बसल्या आणि दोन पाने पुरी केली. त्यात माझी चूक कुठेही सौम्य केलेली नव्हती. 'चूक झाली, ती चारचौघांत कबूल केली, आणि दुरुस्तही मीच केली,' असा त्याचा मथितार्थ. मी म्हणालो, "ताई, थोडं सांभाळून लिहिलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "याहून सांभाळून काही नसते, गुरुजी." ताकीद देऊन प्रकरण संपले.

ताई माझ्यावर खऱ्या अर्थाने चिडल्या त्या एकदाच, आणि तेही निकालानंतर. आनंदाच्या भरात मी ठरवले की प्रजासत्ताकदिनी शाळेत मावशींचा सत्कार करायचा. शाल-श्रीफळ आणले, फळ्यावर त्यांचे नाव रंगीत खडूने लिहिले. ताईंना कळले तशी स्कूटर आली, आणि त्या दिवशी ती मुळीच हळू आली नव्हती.

"तिचं नाव एकदा तिले न पुसता काढलं. आता तिले न पुसता मिरवता? एका कायद्यात तिचं नाव झाकायचं आहे, एका कायद्यात तिचं नाव छापायचं आहे. दोन्हीकडं मर्जी तिची. तुमची नाही आन् माहीही नाही. फळा पुसा."

मी फळा पुसला. लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यावर आणि मनोरुग्णांच्या मताधिकारावर आजवर मी पुष्कळ वाचले आहे, ताईंनीच वाचायला लावले आहे. पण त्या सगळ्याचे सार मला त्या फळ्यापाशी मिळाले. ज्या बाईचे कोणी ऐकत नाही तिचे नाव कधी लपवायचे आणि कधी मोठ्याने घ्यायचे हे तिने ठरवायचे. आपण फक्त ते ठरवण्याइतकी जागा तिला करून द्यायची.

लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात काय बदल हवेत याबद्दल जेव्हा जेव्हा सूचना मागवल्या गेल्या, ताईंनी आपले निवेदन पाठवले. मोठ्या शहरांतले विद्वान आपली टिपणे एकमेकांना दाखवतात. ताई आपले टिपण मोहाडीच्या माग चालवणाऱ्या बायकांना वाचून दाखवत. मी अशा एका वाचनाला हजर होतो. धोट्याचा खटखटाट थांबवून बायका ऐकत होत्या. एक म्हातारी मध्येच म्हणाली, "एवढं कायले लिवता वो? पोट्टी सांगते तवा मधात बोलू नका, एवढंच लिवा ना." ताईंनी आपले सगळे कलमवार निवेदन बाजूला ठेवले आणि तेच वाक्य पहिली सूचना म्हणून घातले, म्हातारीच्या शब्दांत. खाली मग पुस्तकी मराठीत बाकीचे: आजारी किंवा अपंग बाईचा जबाब तिला सोयीच्या जागी घ्यावा, तिला हवे ते माणूस जवळ असावे, प्रश्न लहान असावेत, थांबायला वेळ द्यावा. यातले बरेचसे आज कायद्यात आहे, चौकीत ते किती उतरते हा वेगळा विषय. लग्न झाले म्हणून बाईचा नकार संपत नाही, ही त्यांची मागणी मात्र अजून मान्य झालेली नाही. त्याबद्दल कोणी हळहळ व्यक्त केली की त्या म्हणतात, "मी आहे ना अजून."

मताधिकाराबद्दलचा त्यांचा आग्रह तर आणखी पुढचा आहे. न्यायालयाने विकल मनाचे ठरवले तरच नाव काढता येते, असे आजचा कायदा म्हणतो; नुसता आजार आहे म्हणून तसे ठरवता येत नाही, असेही मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो. ताई म्हणतात, ते कलमच काढा. शहाण्यांना मत देण्याआधी कोणी परीक्षा घेत नाही, मग यांच्याच वाट्याला ती का? मनोरुग्णालयात बरे होऊन बसलेली, पण घरच्यांनी परत न नेलेली माणसे असतात. त्यांची नावे यादीत घालण्यासाठी ताई दर यादीदुरुस्तीला तिथे जातात. पत्ता काय लिहायचा, असे तिथले कारकून विचारतात. "जिथं जेवतात तो," असे उत्तर देऊन त्या अर्ज पुढे सरकवतात. एकदा एका वृद्ध गृहस्थांनी अर्जावर अंगठा नको म्हणून अर्धा तास घेऊन आपली सही केली. ताई त्या अर्ध्या तासात एकदाही घड्याळाकडे बघताना मला दिसल्या नाहीत. त्यांच्या थोरवीचे असे प्रसंग पाहिले की मला भीती वाटावी इतका आदर वाटतो. मग त्या परतीच्या वाटेवर चहावाल्याशी चहा फार उकळला म्हणून भांडतात आणि माझा जीव भांड्यात पडतो.

आता शेवटचे. मावशींचे नाव यादीत आल्यानंतरची पहिली निवडणूक. मी त्याच गावचा मतदार, पुरुषांच्या रांगेतून आत पोचलो तेव्हा बायकांच्या रांगेतून मावशी पुढे होत्या. ज्या खोलीत मी वर्षानुवर्षे हजेरी घेतली तीच मतदानाची खोली. नियमाप्रमाणे पहिल्या अधिकाऱ्याने यादीत पाहिले आणि अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचले. पूर्ण नाव; अमक्याची मुलगी, तमक्याची बायको असे नव्हे, तर मावशींचे स्वतःचे नाव आधी, मग बाकीचे. पुढे शाई लावणारा बोट मागत होता. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"काय झालं, बाई?"

"अजून एक डाव वाचा जी."

अधिकाऱ्याने वर पाहिले. त्याला काहीच ठाऊक नव्हते. पण भला होता, त्याने पुन्हा वाचले, जरा अधिक मोठ्याने. मावशींनी मान हलवली आणि बोट पुढे केले. माझ्या वाट्याला आयुष्यात जी काही हजेरी आली त्यात एवढी मोठी हजेरी मी ऐकलेली नाही.

बाहेर, खुणेच्या रेषेपलीकडे ताई स्कूटरला टेकून उभ्या होत्या. मावशींनी शाईचे बोट दाखवले. ताईंनी ते आपल्या दोन्ही हातांत धरले. मत कोणाला दिले हे त्यांनी विचारले नाही.

या ग्रंथासाठी लिहितो आहे असे मावशींना सांगितले आणि ताईंच्या पंचाहत्तरीला काय म्हणू, असे विचारले. त्यांनी थोडा विचार केला. "बाईले म्हना, पुढच्या वोटाले मी एकटी नाही जात. संग या लागते." मावशींचा हा हुकूम मी इथे जसाच्या तसा, त्यांच्याच शब्दांत नोंदवला आहे, ताई तपासतीलच.

माझी इच्छा त्यातच येते. मोहाडीच्या मतदान केंद्रावर ॲड. विमलताई हटवार हे नाव निवडणुकीमागून निवडणूक मोठ्याने वाचले जावो. ताई निरोगी डोळ्यांनी, निरोगी गुडघ्यांनी रांगेत उभ्या असोत, आणि यादी हातात धरलेल्या अधिकाऱ्याला मागून आम्ही सगळ्यांनी म्हणावे, अजून एक डाव वाचा जी.